धानाच्या काट्यावर तोललेली टीम

आधी माफी मागते. माझं अक्षर वाकडं आहे आणि चौथीनंतर शाळा सुटली, त्यामुळे ऱ्हस्व दीर्घ मला कधी नीट कळलं नाही. जिथे जागा दिसली तिथे वेलांटी दिली आहे. मुलीच्या उरलेल्या वहीत लिहिते आहे. मी लिहिते हे घरात कोणाला माहीत नाही, आणि नसलेलंच बरं.

आमचं घर गावाच्या टोकाला, तलावाच्या पाळीजवळ आहे. आंगणाला लागूनच कबड्डीचं मैदान. म्हणजे पूर्वी ते खळं होतं. धान चुरायला मशीन आली तसं खळं रिकामं पडलं आणि पोरांनी चुन्याच्या रेघा मारल्या. माझा धाकटा दीर टीमचा कप्तान. दिवसा ट्रॅक्टर चालवतो, संध्याकाळी पोरांना खेळवतो, सामन्यात स्वतः उतरत नाही. त्यांच्या सगळ्या बैठका माझ्या आंगणात होतात, कारण चहा इथे मिळतो आणि मी मध्ये बोलत नाही.

मी कुठेच बोलत नाही. बायकांच्या बचत गटात अकरा जणी आहोत, त्यांनी मला खजिनदार केलं तेही याच गुणावर. अध्यक्षीण म्हणाली, "इच्या तोंडातून शब्द नाही निघत, तं पैसा कोठून निघंल?"

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. धान घरात आलं होतं आणि पोरं पोती शिवता शिवता हैदराबादची भाषा करू लागली होती. आमच्याकडे असंच होतं. धान निघालं की जवान पोरं मजुरीला बाहेर जातात आणि होळीला परत येतात. कबड्डीचे सामने मात्र नेमके त्याच दिवसांत, गावोगावी मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, भरते तेव्हा असतात. दर वर्षी आमची टीम अर्धी गाडीत बसून निघून जायची.

त्या दिवशी दीर आंगणात खाटेवर बसला आणि म्हणाला, "यंदा पोरायले पगार देऊ."

पोरं हसायला लागली. एक जण म्हणाला, "पगार कायचा गा? आपण का बँकेत हावो?"

"हसून नोको रायू बे. हैदराबादले का भेटते तुले? खाऊन पिऊन महिन्याचे तीन हजार वाचवतेस. मी दीड हजार देतो, संध्याकाळचं जेवण देतो, आणि दिवसा इथंच कामाले जाय. तीन महिने. मंग जातेस का राहतेस?"

"जेवण कोण करंल?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी चुलीकडे पाहिलं.

मग त्याने सिगारेटच्या पाकिटाच्या पुठ्ठ्यावर हिशोब मांडला. गावच्या सहा पोरांना दीड दीड हजार. देवरीकडचा एक नावाजलेला रेडर, म्हणजे चढाई करणारा, त्याला पूर्ण हंगामाचे सोळा हजार. आमची टीम पंचावन्न किलो वजनाच्या गटात खेळायची आणि तो रेडर त्याच गटातला होता. आठवा होता तलावावर मासे धरणाऱ्या घरचा पोरगा, तेव्हा अठराचा. तो राखीव म्हणून, महिन्याचे पाचशे.

"त्याले पाचशे बी जास्त होतेत," एक जण म्हणाला. "हाडं मोजून घ्या त्याची."

पोरगा खांबाला टेकून शेंगा खात होता. तोही हसला.

मला मात्र ते बरोबर वाटलं नाही. मी काही खेळातली जाणकार नाही. पण भांडी घासायची माझी जागा मैदानाकडे तोंड करून आहे, आणि वर्षभर मी त्या पोराला पाहत होते. सगळे गेल्यावर तो एकटा चढाई करायचा. समोर कोणी नाही, तरी कोणी आहे असं धरून. तलाव आटला की आमच्याकडे पोरं चिखलात उतरून पायांनी मासे शोधतात. बोटाला मासा लागला की तो पळायच्या आधी पाय मागे घेऊन हात घालावा लागतो. हा पोरगा मैदानावरही तसाच खेळायचा. त्याचा पाय पुढे गेलेला दिसायचा नाही, परत आलेला दिसायचा. बाकीच्यांचे खांदे आधी सांगून टाकत की आता इकडे जाणार. याचे खांदे काहीच सांगत नसत.

हिशोबाची बेरीज चव्वेचाळीस हजार पाचशे झाली. गावातून वर्गणी जमली साडेचौदा. कमी पडले तीस हजार. दीर म्हणाला, "वहिनी, तुमच्या गटातून भेटतील का?"

शनिवारी गटाची बैठक झाली. आम्ही पिठाची गिरणी घेण्यासाठी तो पैसा जमवत होतो. उन्हाळ्यात गिरणी यायची होती. दिराने अर्ज दिला, बक्षिसांतून गुढीपाडव्यापर्यंत फेडू असं कबूल केलं, आणि बाहेर जाऊन बसला.

अध्यक्षीण म्हणाली, "कबड्डीवर पैसे? हारले तं गिरणीत का पाय दळायचे?"

"जामीन कोण रायते?" दुसरीने विचारलं.

मी कधी उठत नाही, पण त्या दिवशी उठले. पदर तोंडाशी धरून म्हटलं, "मी."

"कायच्या भरवशावर वो बाई?"

"त्या मासेवाल्याच्या पोराच्या."

एवढं हसू आमच्या गटात कधीच झालं नव्हतं. एकीला ठसका लागला. अध्यक्षीण डोळे पुसत म्हणाली, "पोरगा पाचशेचा न कर्ज तीस हजारांचं! बरं बाप्पा, दे. पण पाडव्याले पैसे नाही आले तं तू एकटी दोन वर्षं गटाची बचत भरशील. लिहून घ्या गा."

मी अंगठा नाही, सही केली. घरी येऊन यांना सांगितलं. माझ्या मालकांनी छताकडे पाहिलं. मग म्हणाले, "वर्षभर तू बोलत नाहीस तेच बरं आहे."

आता माझ्या हातात एकच गोष्ट होती, ती म्हणजे जेवण. प्रत्येक घरून तांदूळ यायचा, बाकी मी पाहायची. माझ्या मनात आलं, पोरांना ताकद पाहिजे. संध्याकाळी आठ ताटं बसायची. भात, लाखोरीची डाळ, उकडलेली अंडी, कधी तलावातले झिंगे, रविवारी कोंबडी. त्या पोराच्या ताटात मी हळूच एक अंडं जास्त ठेवायची. देवरीचा रेडर पाहुणा, त्याला आग्रह करायलाच पाहिजे. तो म्हणायचा, "काकी, असं तं मायही नाही वाढत." मग मी आणखी वाढायची.

वजनाची काळजी दिराला होती. दर शनिवारी तो सगळ्यांना गावातल्या धान घेणाऱ्या व्यापाऱ्याकडे न्यायचा आणि धान तोलायच्या काट्यावर एकेकाला उभा करायचा. मी जेवणाचा अंदाज यावा म्हणून सोबत जायची, दाराशी उभी राहायची. आमच्या पोराचं वजन पहिल्या शनिवारी बावन्न होतं. तिसऱ्या आठवड्यात चोपन्न किलो सहाशे.

"चारशे ग्रॅम बाकी हायेत," दीर खुश होऊन म्हणाला. "काट्यावर काटा बसवला वहिनीनं."

पहिला सामना केशोरीला. सगळे ट्रॅक्टरवर बसून गेले. मी घरीच होते. सकाळी दहाला गेलेली टीम दुपारी दोनला परत आली. देवरीच्या रेडरच्या अंगावर दोन स्वेटर होते आणि तो घामाने भिजला होता.

"का झालं गा?" मी विचारलं.

"खेळलोच नाही," दीर म्हणाला. "चौघं वजनात बसले नाही. हा पंचावन्न नऊशे, न तुमचा लाडका छप्पन शंभर. दोघं धावून धावून उतरले, हे दोघं उतरलेच नाही. सात पोरं मैदानात उतरवायची कशी?"

"पण शनिवारी तं..."

"त्या काट्यावर!" त्याने कपाळावर हात मारला. "वहिनी, तो धानाचा काटा हाय. पोत्याचं न ओलीचं मिळून दीड किलो आधीच कमी लावून ठेवते तो. आपुन आठ जण तीन आठवडे पोत्यात उभे राहून मोजून रायलो होतो!"

गावातल्या लहान पोरालाही माहीत होतं की व्यापारी पोत्यामागे दीड किलो कापतो. दर वर्षी आम्ही त्यावरून भांडतो. आणि आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही की तोच काटा आपल्या पोरांचंही कापत असेल. दीर व्यापाऱ्याशी भांडायला गेला. व्यापारी म्हणाला, "भाऊ, मी धान घेतो. पोरं घेत असतो तं काटा बरोबर ठेवला असता."

दोन दिवस गावात दुसरा विषय नव्हता. विहिरीवर मला विचारायचे, "काहो, आज पोत्यात का शिजवलं?" मी हसत नव्हते. तीस हजार रुपये वजनात बसले नव्हते, आणि त्यात माझी जास्तीची अंडी होती.

दिराने फर्मान काढलं. सगळ्यांनी उपास. एक वेळ जेवण, सकाळी तलावाला पाच फेऱ्या. तिसऱ्या दिवशी भांडी घासताना मी त्या पोराला पाहिलं. एकटाच चढाई करत होता. पाय पुढे गेला आणि तिथेच राहिला. मग तो खाली बसला, डोकं गुडघ्यांत घालून. मी भाताची पेज घेऊन गेले. त्याने घेतली नाही. म्हणाला, "काकी, कप्तान रागावंल. तुमचे पैसे माह्यावर हायेत न?"

कोणी तरी त्याला सांगितलं होतं. मला फार लाज वाटली. एवढ्याशा पोराच्या पाठीवर मी तीस हजार ठेवले होते आणि वरून त्याला उपाशी ठेवलं होतं.

संध्याकाळी आंगणात सगळे होते. मी चहा दिला आणि आत गेले नाही.

"एक सांगू का?" मी म्हटलं.

दीर इतका दचकला की चहा सांडला.

"त्यायले उपाशी नोका ठेवू. वरच्या गटात खेळवा."

"पासष्टमध्ये? वहिनी, तिथं पहिलवान रायतेत! एकेकाची मांडी याच्या कंबरेएवढी."

"मंग वळायले त्यायले वेळ लागते," मी म्हटलं. "मी पाहिलं हाय. जड माणूस पुढे पटकन येते, बाजूला नाही होत पटकन. याचा पाय बाजूनं जाते."

कोणी हसलं नाही. देवरीचा रेडर डोकं हलवत म्हणाला, "काकी खरं बोलून रायली. मी पासष्टात नाही खेळू शकत, मी सरळ खेळतो, मले तोडतील ते. पण हा खेळंल."

तो भला माणूस. सोळा हजारांतले पाच त्याने आल्या दिवसांचे ठेवले आणि अकरा परत दिले. जाताना मला म्हणाला, "दोन किलो तुमचे घेऊन चाललो."

मग पुन्हा पुठ्ठा निघाला. अकरा हजारांतले पाच लगेच गटात भरायचे ठरले. उरले सहा. दीर पेन्सिल कानामागे खोचून बसला होता. शेवटी म्हणाला, "पोराले महिन्याचे पाचशेच्या जागी अडीच हजार करू. त्याच्यावर सगळी टीम हाय आता."

"आमाले दीड न याले अडीच?" ज्याने हाडं मोजायला सांगितलं होतं तोच बोलला.

"तू जाय मंग पहिलवानायच्या अंगावर."

"नाही गा," तो म्हणाला. "द्या त्याले तीन."

हसून हसून अडीचवर मिटलं. पोरगा म्हणाला, "जेवण चालू रायलं पायजे फक्त." त्या रात्री मी कोंबडी केली, रविवार नसताना.

पुढे सगळं जिंकलो असं नाही. वरच्या गटातल्या पहिल्या सामन्यात पोराला दोन पहिलवानांनी उचलून रेघेबाहेर ठेवलं, जसं पाहुण्याच्या लेकराला खाटेवर ठेवतात. लोक लोळून हसले. पण त्याच सामन्यात त्याने अकरा गुण घेतले. जानेवारीत एका गावी तिसरा नंबर आला, पाच हजार. ते सगळे गटात भरले. उरले वीस.

अर्जुनी मोरगावच्या सामन्याला मी गेले. आयुष्यात पहिल्यांदा. अध्यक्षीणच म्हणाली, "चल, आपला पैसा कसा धावते ते पाहून येऊ." आम्ही सहा जणी ट्रॅक्टरमध्ये बसून गेलो आणि बायकांच्या बाजूला मागे उभ्या राहिलो. शेवटचा सामना भर दुपारी झाला. समोरची टीम एवढी भारी की त्यांच्या पायाखाली धूळ वेगळीच उडायची.

त्याची एक चढाई मला अजून दिसते. समोर पाच जण, हात धरून कमानीसारखे. पोरगा कबड्डी कबड्डी करत डावीकडे गेला, थांबला, जसा कंटाळला. कोपऱ्यातल्या पहिलवानाने वजन एका पायावर टाकलं. मला ते दिसलं आणि मी ओरडले, "आता!" पोराचा पाय गेला आणि आला. पहिलवान झेपावला तोपर्यंत हा मधल्या रेघेवर उभा राहून मनगट चोळत होता. आजूबाजूच्या बायका माझ्याकडे वळून पाहू लागल्या. मी पदरात तोंड लपवलं, पण हसू बाहेर येत होतं.

आम्ही एका गुणाने हरलो. दुसरा नंबर, पंधरा हजार. त्यातले अकरा गटात गेले. उत्कृष्ट चढाईचं बक्षीस त्याला मिळालं, एक मोठा कूलर. फेब्रुवारीच्या थंडीत तो ट्रॅक्टरवरून गावात आला. त्याच्या आईने त्यावर सुकट वाळत घातली.

उरले होते नऊ हजार. मार्चच्या सुरुवातीला जवळच्या गावी पहिला नंबर आला, त्यातले पाच भरले. राहिले चार हजार आणि व्याज. आणि तेव्हाच गोंदियाहून एक माणूस मोटरसायकलवर आला. तिथल्या एका मोठ्या टीमचा होता. पोराचा बाप, दीर, मी, सगळे आंगणात बसलो.

"दीदी," तो मला म्हणाला, कारण चहा मी दिला होता, "ये लड़का छप्पन किलो का होके पैंसठवालों को घुमा रहा है. दो साल दो, फिर देखना."

त्याने कागद काढला. आमच्या पुठ्ठ्यासारखा नाही, छापलेला. महिन्याचे सात हजार, राहणं, दूध, अंडी, लागलं तर दवाखान्याचा खर्च. वजन दर आठवड्याला, खऱ्या काट्यावर, किती वाढवायचं तेही लिहिलेलं. मी हळूहळू सगळं वाचलं. फक्त एक अट होती. सोमवारपासून यायचं.

आमचा शेवटचा सामना त्यानंतर दहा दिवसांनी होता.

बापाने पोराकडे पाहिलं, पोराने माझ्याकडे. म्हणाला, "काकी सांगंल तसं. गटाचे पैसे बाकी हायेत."

खरं सांगते, माझ्या ओठांवर आलं होतं की दहा दिवस थांब. दोन वर्षं एकटीने बचत भरायची म्हणजे काय ते मला माहीत होतं, आणि दहा दिवस मागणं काही पाप नव्हतं. पण तो माणूस थांबणार नव्हता, त्याने घड्याळ दोनदा पाहिलं होतं. मी तो कागद पोराच्या हातात दिला.

"सोमवारी जाय," मी म्हटलं. "दूध नीट पी."

शनिवारी गटात अध्यक्षीण ओरडली, "त्याच्याच भरवशावर पैसे दिले न तूच त्याले पाठवून दिलं? काऊन?"

"त्याचे दिवस आले," मी म्हटलं. "चार हजार बाकी हायेत, माह्याकडून घ्या."

"घेऊ न! सही हाय तुही."

मी बकरी विकायला काढली होती. पण ही गोष्ट टीमपर्यंत गेली. दुसऱ्या दिवशी सहाही पोरं आणि दीर सकाळी पाच वाजता मैदानात होते. ज्याने पूर्वी हाडं मोजायला सांगितलं होतं तोच सगळ्यांना शिव्या घालत फेऱ्या मारवत होता. "का बे, तो गेला तं आपुन का धान तोलायचं आता? काकी बकरी विकंल न आपुन जेवून रायलो तिच्या घरी तीन महिने!" वरच्या आळीतून त्यांनी एक नवा पोरगा सातवा म्हणून धरला. तो नुसता धिप्पाड, चढाई येत नाही, पण धरला की सोडत नाही.

शेवटच्या सामन्यात तिसरा नंबर आला. तीन हजार. कोणी आपल्या वाट्याचं नाव काढलं नाही.

पाडव्याच्या आधीच्या शनिवारी दीर गटाच्या बैठकीत आला. या वेळी बाहेर बसला नाही, दारातच उभा राहिला. बक्षिसाचं पाकीट आणि ट्रॅक्टरच्या मजुरीचे दोन हजार त्याने चटईवर ठेवले. बाकी चार हजार, वरून व्याज आठशे चाळीस. अध्यक्षीणने बोट थुंकीला लावून दोनदा मोजलं. मग शेजारणीला मोजायला दिलं. तिनेही मोजलं.

"एकशे साठ जास्त हायेत," शेजारीण म्हणाली.

दीर म्हणाला, "राहू द्या."

"नाही," मी म्हटलं, आणि डब्यातून एकशे साठ काढून त्याच्या हातावर ठेवले. अध्यक्षीणने वही माझ्याकडे सरकवली. तीस हजारांच्या ओळीसमोर मी लिहिलं, पूर्ण मिळाले, आणि खाली सही केली.